नरसिंहाचे डोळे

मास्तर,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमच्यावर रागावलेला माणूस आता जगात मी एकटाच उरलो असेन. बाकीचे तुम्हाला विसरून गेले, आणि जे विसरले नाहीत त्यांनी तुमचा फोटो मंडळाच्या खोलीत लावून त्याला हार घातला. फोटोला हार घातला की माणसाशी भांडता येत नाही. म्हणून म्हटलं, कागदावर भांडावं. परवा आपल्या गावाहून सोंगांच्या मंडळातली दोन पोरं जीपनं इकडे पूर्णेला माझ्या दारात आली. त्यातला एक म्हणाला, "आजोबा, औंदा नरसिंहाचा मुखवटा नवा करायलोत. जुन्या मंडळीतले तुमीच राह्यलात. डोळे तुमी काढून द्या." मी नेहमीचं उत्तर दिलं, "बाबांनो, माझा हात कापतो." त्यांनी माना डोलावल्या. त्यांना ते आधीच ठाऊक होतं, घरात कुणीतरी सांगितलेलं असणार; मान म्हणून विचारायला आली होती. चहा पिऊन ती गेली आणि मी तसाच ओट्यावर बसून राहिलो. त्यांना मी जे सांगितलं ते तुमचं वाक्य होतं, मास्तर. माझं नव्हे.

निजामाच्या राज्यात शाळेला सुट्टी शुक्रवारची. तुम्ही सरकारी शाळेत उर्दूतून हिशेब शिकवायचात, आणि शुक्रवारी तुमच्या ओसरीवर आपली मंडळी जमायची. श्रावणात पोळ्याचे मातीचे बैल, भादव्यात गौरीचे मुखवटे, आणि फाल्गुन लागला की वैशाखातल्या नरसिंह जयंतीच्या सोंगाची तयारी. सुतार बांबूचा सांगाडा बांधायचा. रंगारी चाचा लाल हिंगूळ आणि पिवळा हरताळ घेऊन यायचे, त्यांचे हात कापडाच्या निळीनं मनगटापर्यंत कायम निळे. मी वडिलांच्या मशिनीवरचं शिवण अर्धं टाकून पळत यायचो. लग्न झालेला बाप्या होतो, पण तुमच्या ओसरीवर पाय ठेवला की माझं वय कमी व्हायचं. शाळेतली रद्दी तुम्ही पोत्यानं आणायचात, ती भिजवून मेथीच्या चिकासकट काकूंच्या उखळात कुटायची. काकू रोज करवादायच्या, "तुमच्या देवापायी माझी चटणीसुद्धा कडू व्हायलीय. एकदा तरी गोड देव करा!" तुम्ही हसायचात आणि उखळ आणखी पुढे ओढायचात. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मी किती भाकरी खाल्ल्या याचा हिशेब नाही. पुढे लोकांनी मला खाल्ल्या घरचे वासे मोजणारा म्हटलं, ते या भाकरींच्या जोरावर.

मंडळीचा एक नेम होता. मुखवटा सगळ्यांनी मिळून करायचा, पण डोळे एकानं काढायचे, आणि जो डोळे काढील त्यानंच तो मुखवटा चढवून खांबातून बाहेर यायचं. आदल्या सांजेपासून त्यानं मौन धरायचं. तोंडातून खोटं गेलं तर डोळा तिरळा होतो, असं तुम्ही सांगायचात. डोळे पुरे होईपर्यंत बोलायचं नाही, मग घर जळत असलं तरी. एकदा मी गौरीच्या मुखवट्याला गप्पा मारत मारत डोळे काढले होते, आठवतं? तुम्ही ओला फडका घेऊन ते माझ्यासमोर पुसलेत. "डोळा काय बटन हाय का, टाकला टाका की झालं? डोळ्यानं समोरच्या माणसाच्या आरपार बघाया पायजे. ह्यो तर शेजारणीकडं बघायलाय." ओसरी हसली, मीही हसलो. तुमचं रागावणं मला तेव्हा कमाईसारखं वाटायचं.

त्या साली संक्रांतीनंतरच तुम्ही मला म्हणालात, "औंदा डोळे तुझे." काकू चुलीपुढे होत्या. त्यांनी मागं वळून माझ्याकडे पाहिलं आणि पदराला हात पुसत नुसत्या हसल्या. तुम्ही सुतळीनं माझ्या हनुवटीपासून भुवईपर्यंत माप घेतलंत, कानापासून कानापर्यंत घेतलंत, आणि त्या मापानं मातीचा साचा केलात. माझं तोंड लांबट म्हणून नरसिंह लांबट. मुखवट्याच्या डोळ्यांतून दिसत नसतं, बघायची भोकं नाकपुड्यांत असतात. तीही तुम्ही माझ्या डोळ्यांना धरून पाडलीत. आणि खारीच्या शेपटीच्या केसांचा एक कुंचला स्वतः बांधून माझ्या हातात दिलात. "जप ह्याला. ह्याच्यानं दुसरं काय रंगवू नको." केसानं गळा कापणं म्हणतात ना, मास्तर, तो केस मला आधीच दाखवून ठेवला होतात. तेव्हा मात्र मी तो कुंचला घरी नेऊन बायकोच्या हळदीकुंकवाच्या कोयरीशेजारी ठेवला, आणि ती बिचारी रोज त्याला नमस्कार करायला लागली.

नरसिंह जयंतीच्या सकाळी मी नदीवर बुडी मारून ओल्या धोतरानं तुमच्या ओसरीवर आलो. आदल्या सांजेपासून तोंड मिटलेलं. पाटावर मुखवटा होता आणि त्याला डोळे होते. मला वाटलं, मी अजून झोपेत आहे. देशमुखांचा भाचा तुमचा कुंचला हातात धरून पाटाशेजारी बसला होता. परभणीहून सुट्टीला आलेला, गोऱ्या गोल चेहऱ्याचा. कुंचल्याला रंग लागलेला होता, पण बोटांना नव्हता. ज्यानं आयुष्यात पहिल्यांदा काजळात कुंचला बुडवला त्याची बोटं एवढी स्वच्छ राहतात का? आणि ती रेष. बुबुळाच्या वर जरा दाबून घेतलेली, कोपऱ्यात एकदम हलकी सोडलेली. ती तुमची रेष होती. मी ती झोपेतही ओळखली असती. तुम्ही म्हणालात, "मालकांच्या भाच्यानं काढले बरं का डोळे. छान काढले." मंडळीतलं कुणी काही बोललं नाही. मी तर बोलूच शकत नव्हतो. माझं मौन सुटायचं ते मी डोळे काढल्यावर, आणि मी ते काढलेच नव्हते. तुम्हाला हे ठाऊक होतं. मी तोंड मिटून येणार, हे धरूनच तुम्ही ते खोटं माझ्यासमोर बोललात.

मागाहून चाचांकडून मला कारण कळलं. सोंगं काढायला कचेरीची इजाजत लागायची, आणि त्या साली पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांनी ती अडवून धरली होती. देशमुखांनी शब्द टाकला, इजाजत आली, आणि शब्दाच्या बदल्यात त्यांना भाचा खांबातून बाहेर आलेला बघायचा होता. कारण मला समजतं, मास्तर. मी काही दगड नाही. तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणाला असता, "बाबा, मंडळी वाचवायचीय, औंदा तू मागं सर," तर मी सरलो असतो, वर त्या भाच्याला मुखवटा बांधूनही दिला असता. पण तुम्हाला माझ्याकडे मागायला लाज वाटली, आणि माझं काढून घ्यायला वाटली नाही.

मग दिवेलागण झाली. देवळापुढे माणूस मावत नव्हता. बांबू आणि कागदाचा खांब उभा, आत भाचा, बाहेर हिरण्यकश्यपू झालेला सुतार गदा आपटतोय, "कुठाय तुझा देव? ह्या खांबात हाय का?" नगारा वाजला. मी गर्दीत मागे उभा होतो आणि मला आत काय चाललंय ते बाहेरून दिसत होतं, कारण तो मुखवटा माझ्या तोंडाचा होता. गोल चेहऱ्यावर तो वर सरकणार, नाकपुड्या कपाळावर जाणार, आतल्याला काळोख. तसंच झालं. खांब डावीउजवीकडे हलला, आतला माणूस मुखवटा सावरत गरगरला, आणि कागद टरकन फाटला तो मागच्या बाजूनं. नरसिंह डरकाळी फोडत देवळाच्या मागच्या भिंतीकडे चालता झाला. प्रल्हाद इकडे हात जोडून उभा आणि देवाची पाठ त्याच्याकडे. मग कुणीतरी ओरडलं, "अरे, देव परसाकडं निघाला की!" आणि हसण्याचा जो लोंढा आला तो थांबेना. खरं सांगतो, मलाही हसू आलं होतं. त्या दिवसातलं तेवढंच माझं सुख.

देशमुख खुर्चीवरून उठले. भाच्यानं मुखवटा ओरबाडून काढला आणि म्हणाला, "सोंगच वाकडं केलंय ह्या लोकांनी, काय दिसंनाच." नाचता येईना अंगण वाकडे. तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण देशमुखांनी तुमच्याकडे पाहिलं, आणि तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. "साचा ह्यानं धरला होता, मालक. ह्याचा हात कापतो. आमच्या ध्यानात आलं न्हाई." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण संन्याशाचा गुरू तरी फास आवळत नसतो. चाचा पुढं सरकले. "मास्तर, ये क्या बोल रहे आप?" तुम्ही त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही. तुम्ही फाटलेल्या कागदाची एक पट्टी बांबूला परत चिकटवत बसलात, तिथे आता चिकटवण्यासारखं काही नसताना. माझं तोंड मिटलेलंच होतं. मौन होतं, आणि नेमाप्रमाणे ते मोडायची मला मुभा नव्हती. सगळ्या गावानं बघितलं, की मास्तर म्हणतात आणि हा नाही म्हणत नाही.

काकू त्या सांजेला तुमच्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "जेवून जा रे." मी मान हलवली आणि पुढे गेलो. त्यांच्या हातची भाकरी नको म्हटली ती एकदाच.

शिंप्याचा हात कापतो म्हटल्यावर कोण कापड टाकणार? हसत हसतच गिऱ्हाईक तुटलं. "अंगरख्याला बाही मागून लावशील बाबा," असं म्हणायचे लोक. वर्षभरात मी दुकान धाकट्या भावाला दिलं आणि बायकोला घेऊन पूर्णेला आलो, रेल्वेत पडेल ते काम करणारा खलाशी म्हणून चिकटलो. आणि गंमत ऐका. एकदा डब्यांवर आकडे काढणारा आजारी पडला, साहेबानं विचारलं कोण काढील, आणि मी हात वर केला. पेन्शन लागेपर्यंत मी मालगाडीच्या डब्यांवर पांढऱ्या रंगानं आकडे काढत आलो, उन्हात, वाऱ्यात, हलत्या शिडीवर. एकही आकडा पुसायला लागला नाही. हे आपल्या गावात कुणाला माहीत नाही. गावाला गेलो की मी रेल्वेतला खलाशी आणि हात कापणारा शिंपी.

रझाकारांच्या धामधुमीच्या आधीच तुम्ही गेलात. तेराव्याला मी आलो होतो. काकूंनी मला आत बोलावलं, त्याच उंबऱ्यावर बसवलं. उखळ कोपऱ्यात पालथं पडलेलं. म्हणाल्या, "तुझ्या मागं त्यांनी कुणालाच डोळे काढू दिले न्हाईत. स्वतःच काढायचे, आन् मालक म्हणतील त्याच्या डोक्यावर चढवायचे." मी विचारलं, "काकू, माझ्याबद्दल काही बोलले का कधी?" त्या चुलीतली राख सारखी करायला लागल्या. मग म्हणाल्या, "तुझा विषय निघाला की उठून जायचे." मास्तर, त्या उठून जाण्यात पश्चात्ताप होता असं मानून मी काही वर्षं काढली. आता नाही मानत. पश्चात्ताप होता तर परभणीच्या गाडीनं पूर्णा काय लांब होती? तुम्ही उठून जायचात ते ओसरीपर्यंत. माझ्या दारापर्यंत नाही.

मंडळाची खबर हवी असेल तर सांगतो. आता मंडळाला पाटी आहे, इजाजतीसाठी कुणाच्या भाच्याला मिरवावं लागत नाही. गौरीचे मुखवटे बाजारातून येतात. नरसिंह मात्र अजून कागदाचाच करतात, मेथी घालून. डोळ्यांचा नेम पोरांनी पुन्हा धरलाय, मौनासकट; डोळे म्हाताऱ्यानं काढले तर मुखवटा तेवढा तरणा पोर चढवतो. हे तुम्हीच सुरू केलंत असं ती अभिमानानं सांगतात. मी ऐकून घेतो.

मी त्यांना का नाही सांगितलं, हेच मला कळेना झालंय. एवढ्या वर्षांत किती वेळा संधी आली. एक कागद मागवून एक डोळा काढून दाखवला असता, तरी काम झालं असतं. पण माझा हात कापत नाही असं म्हटलं, की मास्तर खोटं बोलले असं होतं. आणि ते मला गावासमोर म्हणवत नाही. तुम्ही मला एका वाक्यात टाकून दिलंत, आणि मी तुमचं तेच वाक्य जन्मभर सांभाळत बसलो. राग येतो तो याचाही येतो. तुमच्यावर जेवढा येतो, तेवढाच.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही, आणि टाकू म्हटलं तरी कुठे टाकू? पोरांकडेही मी जाणार नाही. कुंचला अजून कोयरीशेजारी आहे, त्याच्यानं दुसरं काही रंगवलं नाही. तुम्हाला दाखवायचं होतं ते एवढंच, की हा कागद नीट बघा. इतक्या ओळी लिहिल्या, या वयात, चष्मा न लावता, आणि कुठे एक काना थरथरलेला नाही. फक्त सगळ्यात वर "मास्तर" लिहिलंय, तिथे हात हलला. मी ते पुसून पुन्हा लिहिलेलं नाही.