वरच्या खडकावरचे तारामासे

१२ डिसेंबर, सकाळ

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार घातला असं समज. या खोलीत आडवं पसरायला जागा नाही. भावोजींची तब्येत आता बरी असेल. चिमणीचा एक पापा घे आणि मामाने पाठवला म्हणून सांग.

माझं आयुष्य बदललं ते ओहोटीच्या वेळी, घोटाभर पाण्यात. वर्गातल्या एका मुलीने दगड उचलला, खालचा खेकडा दचकला, आणि ती त्याला "माफ कर हं" म्हणाली. मग दगड होता तसा हळूच ठेवून दिला. झालं. माझा निकाल तिथेच लागला.

पण तू विचारलं होतंस कॉलेजचं. कॉलेज सोडलं, कारण सरांनी अपमान केला. विषय संपला. सध्या शोभेचे मासे विकणाऱ्या एकाकडे टाक्यांच्या काचा घासतो. बाबा माझ्याशी बोलत नाहीत, आईकरवी 'त्याला म्हणावं' असं कळवतात. मीही 'त्यांना म्हणावं' असं उलट कळवतो. मधल्यामधे आईचं टपालखातं झालंय.

अपमान कसला तेही ऐक, नाहीतर तू बाबांचीच री ओढशील. समुद्रजीवांच्या वर्गाची आमची अधूनमधून किनाऱ्यावर सहल असायची. प्रत्येकाला एक लोखंडी चौकट मिळते. ती आपापल्या जागी टाकायची आणि आत जेवढे जीव दिसतील तेवढे मोजायचे. उचलाउचल करायची नाही. माझी जागा खालच्या डबक्यांत होती, तिथे तारामासे उदंड. तर दर सहलीला माझा आकडा कमी कमी होत गेला, आणि सर सगळ्यांसमोर म्हणाले,

"मोजतोस की झोपा काढतोस?"

आम्ही सरांना 'शंख' म्हणतो, कारण ते साधं बोलत नाहीत. पार होडीवाल्यांपर्यंत ऐकू गेलं असेल. माझं डोकं सटकलं. बादली आपटली, "मग मोजा तुम्हीच" म्हणालो आणि कॉलेजच्या गमबुटांसकट चालू पडलो. दुसऱ्या दिवशी नाव काढून आलो. गमबूट अजून माझ्याकडेच आहेत.

मी झोपा काढत नव्हतो, ताई. अगदी नीट मोजत होतो.

मग तारामासे गेले कुठे, असं तू विचारशील. लहानपणीही तुला नको तिथेच प्रश्न पडायचे.

त्या खेकडावाल्या मुलीची जागा वर होती, कोरड्या खडकांवर. चौकट टाकली की आत दगड आणि दगडाला चिकटलेले चार शिंपले. बाकीचे कुल्ले वर करून मोजतायत आणि ही बिचारी पेन्सिलीला टोक काढतेय, हे मला बघवेना. मी एक तारामासा ओल्या टोपीत घालून वर नेला आणि तिची पाठ वळताच तिच्या चौकटीतल्या ओल्या फटीत ठेवला. ताई, तिचा चेहरा बघायला हवा होतास. फुलं काय, कुणीही देतं.

पुढच्या वेळी दोन नेले. त्याच्या पुढच्या वेळी टोपी पुरेना.

शंख चांगल्या विजारीत खडकावर गुडघे टेकून बसले. इतक्या वर तारामासा त्यांनी उभ्या हयातीत पाहिला नव्हता. समुद्राखाली काहीतरी मोठं घडतंय आणि जीव वर सरकू लागलेत, असा त्यांनी निष्कर्ष काढला. आता हाच तिचा प्रकल्प. ऐकायला चार कॉलेजांचे प्राध्यापक येणार.

काल ती दुकानात आली. मी कोपरापर्यंत शेवाळात. मला वाटलं, कळलं सगळं.

"तुझे आकडे लावून बघितले," ती म्हणाली. "खाली जेवढे कमी झाले, जवळजवळ तेवढेच वर वाढले. तू बरोबर मोजत होतास. उद्या सगळ्यांसमोर सांगणार आहे मी. सरांनाही म्हटलं, तुम्ही चुकलात."

"सर काय म्हणाले?"

"तुझे आकडे स्वतः मोजत बसले." मग हसली. "तू येशील ना? पहिल्या रांगेत बस. बरं वाटेल मला."

मालक म्हणाला, काच फुटेल, जरा हळू घास.

ताई, आजवर माझ्या बाजूने कुणी भांडलेलं नाही. बाबाही नाहीत, तूही फारशी नाहीस. आणि जी भांडली तिच्या हातात मीच टोपीतून नेलेलं खोटं. गप्प बसलो तर ती माझी होईल असं वाटतं. पण ती खेकड्याची माफी मागणारी मुलगी आहे. चार कॉलेजांसमोर छाती काढून ती माझी टोपी समजावून सांगणार, आणि एखाद्या वर्षी कुणीतरी त्याच खडकावर बसून म्हणणार, इथे तर काहीच नाही. तेव्हा हसतील ते तिला.

रात्रभर युक्त्या शोधल्या. एकही धड नाही. ती व्यासपीठावर चढायच्या आत दारातच गाठून सांगायचं, एवढंच उरतं. त्यानंतर ती माझ्याकडे कशी बघेल ते मला माहीत आहे. म्हणून तर एवढं लांब पत्र लिहीत बसलोय.

बाबांना यातलं काय सांगायचं ते तू ठरव. 'त्यांना म्हणावं' नको. संध्याकाळी मीच फोन करेन.

उरलेल्या दोन ओळी जिन्यात लिहितोय, कागद गुडघ्यावर ठेवून. दार ओढून घेतलं. ओढलं की लागतंच ते, आणि किल्ली आत राहिली. बरं झालं. परत फिरायची सोय नको.

निघालो.

तुझा,
धाकटा