दत्तू, तुझ्या लेकीला मी काही सांगितलं नाही

प्रिय दत्तू,

इतक्या वर्षांत तुला एक चिठ्ठी लिहिली नाही. तुझं नाव कागदावर येऊ द्यायचं नाही, असंच आपलं ठरलं होतं. हेही लिहून झालं की फाडणारच आहे. पण आज सकाळी तुझ्या रक्षाविसर्जनाला जाऊन आलो आणि जे बोलायला गेलो होतो ते न बोलताच परतलो. जेवणाचं ताट तसंच सरकवून लिहायला बसलोय. बायको विचारतेय, कोण गेलं? काय सांगू तिला?

तुझ्या सुरेखाला खरं सांगायचं, असं ठरवून गेलो होतो. की बाई, तुझा बाप नुसता जेल भोगून आलेला पंक्चरवाला नव्हता. तो पोलिसांचा खबऱ्या होता, माझा खबऱ्या होता. गोव्याच्या चोरट्या दारूच्या किती गाड्या त्याच्यामुळे धरल्या! मला रिटायर होऊन सहा वर्षं झाली. आता कुणाचं काय बिघडणार होतं?

पहिल्यांदा तुला मीच धरलं होतं, तसल्याच टेंपोसकट. शिक्षा भोगून सुटलास आणि कळंब्याला, जेलच्याच रस्त्यावर दुकान टाकलंस! मी म्हटलं, अरे, दुसरी जागा मिळाली नाही? तर म्हणालास, "वळखीचा एरिया हाय की, सायेब."

मग एक दिवस आपण होऊन पहिली खबर दिलीस. का, म्हणून विचारलं, तर मान वर न करता म्हणालास, "जेलात हुतो तवा आईला मुलाकतीला तुम्ही गाडीवरनं आणत हुतासा. बाकी कोण आलं न्हाय." बास, एवढ्यावर वीस वर्षं! मी ते पुण्य म्हणून केलं नव्हतं रे. मला ड्यूटीला त्याच बाजूला जायचं असायचं.

तुझी विद्या मला शेवटपर्यंत आली नाही. वर रिकामी क्रेट रचलेली असली, तरी टायर किती दबलंय ते बघून तू ओळखायचास की गाडी रिकामी नाही. मी स्वतःच्या मोटारसायकलची हवा सोडायचो आणि ती ढकलत तुझ्याकडे यायचो. तू ट्यूब पाण्यात बुडवायचास आणि बुडबुडे शोधत पाण्याशीच बोलल्यासारखा बोलायचास. "निळा टेंपो. मंगळवारी. गारगोटीवरनं." बघणाऱ्याला वाटायचं, पंक्चरलाच शिव्या घालतोय.

पुढं माझी बदली गारगोटीला झाली. माझ्या जागी आलेल्यानं नुसत्या अंदाजानं तुला गाठलं, तर त्याला म्हणालास, "मी हवा भरतो. बातम्या पेपरात बघा." आणि बाजाराच्या दिवशी एसटीनं थेट माझ्याकडं यायचास! इकडं आमच्या वरच्या साहेबांनी मला दोनदा खबऱ्याचं नाव विचारलं. मी दिलं नाही. बढती लांबली. हे तुला कधी बोललो नाही, आज बोलतोय.

आता तुझ्या कानाचं. एकदा लागोपाठ दोन गाड्या सापडल्या आणि दारूवाल्यांना तुझा संशय आला. तोड तूच काढलीस. "उद्या चारचौघांत मला हाणा. आन् लाडानं न्हाय, सायेब. त्यास्नी पटलं पायजे." "गाड्या कुणाच्या, नाव सांग," असं ओरडत मी हाणलं. पहिली थप्पड तुझ्यासाठी मारली, दत्तू. दुसरी का मारली? कुणीतरी फिदीफिदी हसलं आणि माझं डोकं फिरलं. तुझा डावा कान कायमचा गेला. तेव्हा दहावीत असलेली सुरेखा नेमकी तुझा डबा घेऊन समोर उभी होती. दुसऱ्या दिवशी तू मलाच विचारलंस, "हात दुखतोय का?" मला शिव्या तरी द्यायच्या होत्यास! त्या दुसऱ्या थपडेची माफी मागायची राहिली. आज मागतो.

आणि पोरीला का नाही काही सांगितलंस? तेवढं तरी करायचंस. याचा मला तुझ्यावर राग होता, अगदी आज सकाळपर्यंत.

घाटावर एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पावणं कुठलं?" गारगोटीचा, म्हणून ठोकून दिलं. पण सुरेखानं ओळखलं. एसटीत कंडक्टर आहे ती आता, चेहरे विसरत नसणार. सरळ समोर आली.

"तुम्हीच न्हवं, आमच्या आण्णाला मारल्यालं?"

"व्हय," म्हटलं, आणि पुढचं सगळं सांगायला श्वास घेतला.

तर तीच म्हणाली, "आलासा, बरं केलासा. माणूस गेल्यावर वैर न्हाय. पर एक ऐकून जावा. तुम्ही कान फोडलासा, तरी त्यानं कुणाचं नाव घेतलं न्हाय. आमच्या गल्लीत चोराला पाणी देत्यात, खबऱ्याला देत न्हाईत. माझा बा जेलात जाऊन आला, पर खबऱ्या न्हवता. तेवढ्यावर मान वर करून जगलोय आम्ही."

मागं उभी असलेली गल्ली माना डोलवत होती. त्यांना तुझा अभिमान वाटत होता, दत्तू! मी तिला काय देणार होतो? तिच्याजवळ बापाचं जे एवढं एक उरलंय, तेच काढून घेणार होतो. आणि कशासाठी? माझं मन हलकं व्हावं म्हणून.

मी म्हटलं, "खरं हाय, बाई. न्हाय घेतलं त्यानं."

तू तिला का सांगितलं नाहीस, ते तेव्हा कळलं. फार उशिरा कळलं रे.

थकलोय आता. नोकरीत ढिगानं खोटं बोललो, त्याचा कधी शीण आला नाही. आजच्या एका वाक्यानं मात्र पार गळून गेलो. तू किती शूर होतास, हे मला कुणाजवळ तरी एकदा मोठ्यानं बोलायचं होतं. आता ते जमायचं नाही.

तरी शब्द देतो. बायकोला म्हणेन, जुन्या ओळखीतला एक होता. सुरेखा रस्त्यात भेटली आणि तिनं तोंड फिरवलं, तर फिरवू दे. आणि तुझ्या गल्लीतल्या कुणी कधी विचारलंच, तर सांगेन, मारणारा मीच, आणि त्या माणसाच्या तोंडून मला एक नाव काढता आलं नाही.

तुझा,
हवालदार