नऊ हात हवे होते

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

मारली. सगळ्या ब्रिज क्लबासमोर मारली. आणि का मारू नये!

थ्री नो-ट्रम्पची बोली, हुकमाशिवाय. नऊ हात हवे होते, सहा झाले. मी म्हटलं, "सात पॉइंटांवर थेट तीन बोलतेस? अक्कल गहाण टाकलीस का?" सृष्टी पत्ते गोळा करत म्हणाली, "पप्पा, होत होता डाव." एवढंच. मान वर न करता. हात उठला माझा. चष्मा शेजारच्या टेबलाखाली गेला तिचा. पोटची पोर, मी पत्ते धरायला शिकवली, आणि मला सांगते होत होता!

मल्हारी मध्ये पडला. क्लबाचा सेक्रेटरी ना! "नाना, काय करून राह्यले तुम्ही? लेक आहे ती!" त्याची कॉलर धरली. बटण हातात आलं.

सृष्टी घरी आली नाही. मैत्रिणीकडे गेली, संजनाकडे, इंदिरानगरला. प्रतिभा जेवली नाही. नको जेवू! आईनेच लाडावून ठेवलंय.

सोमवार, १०

क्लबाचं पत्र मोबाइलवर. लेखी माफी द्या, तोवर पाऊल टाकू नका. येत्या रविवारी जोड्यांची फायनल, आणि आम्ही बापलेक दुसऱ्या नंबरावर! अठरा वर्षं घासली मी या पोरीवर.

माफी कसली? डाव होत नव्हता हे कागदावर मांडून दाखवतो. मग तीच येईल पाया पडत.

मंगळवार, ११

जेवणाच्या टेबलावर पानं मांडली. माझ्याकडे इस्पिकचा एक्का-राजा, बदामचा एक्का, चौकटचा एक्का आणि त्याखाली एकच छोटं पान, किलवरचा राजा. समोर सृष्टी डमी. तिचे पत्ते उघडे, तिने फक्त मी सांगेन ते पान टाकायचं. चौकटची राणी, गुलाम, दश्शी, नव्वी, अठ्ठी, आणि किलवरचा एक्का. आमच्या दोघांचे बाकीचे पत्ते कचरा. पक्के हात सहा. उरलेले तीन चौकटमधूनच यायचे, आणि चौकटचा राजा शत्रूकडे.

डावीकडून किलवरची उतारी आली. मी डमीतून एक्का मारला, लगेच चौकटची राणी फिरवली. राजा उजवीकडे असेल या हिशोबाने. निघाला डावीकडे. माझं नशीबच फुटकं, त्यात चूक कसली?

प्रतिभा वांग्याची भाजी घेऊन आली. "अहो, पानं उचलता का जरा?" भांडं भिरकावलं. भिंत पिवळी झाली. पुसत बसली नंतर बराच वेळ.

गुरुवार, १३

राजा उजवीकडे ठेवून बघितला. तरी होत नाही! माझा चौकटचा एक्का हातात एकटा उरतो, तो एक हात घेतो, आणि डमीत परत जायला वाट नाही. वाट एकच होती, किलवरचा एक्का. तो पहिल्याच हाताला खर्ची पडलेला.

म्हणजे होतच नव्हता! मी काय सांगत होतो! प्रतिभाला हाक मारून दाखवलं. तिला पत्त्यातलं ओ की ठो कळत नाही. "हं," म्हणाली.

शुक्रवार, १४

गाढवा! भडव्या!

पहिला हात किलवरच्या राजाने घ्यायचा होता. स्वतःच्या हातात. एक्का डमीत राहू द्यायचा. मग चौकटचा एक्का, मग ते छोटं पान, आणि चौकट खेळत राहायचं. त्यांचा राजा एक हात घेणार, घेऊ दे. नंतर किलवरच्या एक्क्याने डमीत शिरायचं आणि उरलेली चौकट वाजवायची. मोजून नऊ! राजा डावीकडे असो नाहीतर उजवीकडे. किल्ली घरात ठेवून मीच दार ओढून घेतलं.

सृष्टी नऊ वर्षांची होती तेव्हा हाच धडा दिला होता मी तिला. डमी खाली आली की हात मांडीवर, आधी मोज, मग पान. न मोजता पान टाकलं की अंबडच्या कारखान्यातल्या टूलरूममधून आणलेली स्टीलची पट्टी, बोटांच्या पेरांवर. रविवारी मी मोजलं नाही. एक्का दिसला आणि ओरडलो, "एक्का!"

आता आठवतंय. तिचा हात त्या पानावर जरा थांबला होता. पण डमीने बोलायचं नसतं. नाही बोलली.

टेबलावर मूठ आपटली. काच फुटली. करंगळीखाली चांगलंच कापलंय.

शनिवार, १५

इंदिरानगरला गेलो. संजनाने साखळी न काढता दार उघडलं. मग सृष्टी आली. गाल अजून हिरवट आहे. वाईट वाटलं. खरंच वाटलं.

फटीतून कागद दिला, पूर्ण डाव लिहून. म्हटलं, "तू बरोबर होतीस. होत होता. चूक माझी. क्लबाला लेखी देतो. उद्या फायनल आहे, चल."

तिने कागद नीट वाचला. "डाव बरोबर आहे, पप्पा," म्हणाली. मग म्हणाली, "आणि होत नसता तर?"

"म्हणजे?"

"डाव होत नसता, तर मला मारलं ते बरोबर होतं?"

ती थांबली होती, चांगली थांबली होती. मग दार लागलं. जिन्यातली तुळशीची कुंडी लाथाडली मी. वरच्या मजल्यावरचे लोक डोकावले.

घरी आलो तर प्रतिभा दारातच. "काय म्हणाली सृष्टी?" नुसतं विचारलं तिने. ढकललं मी. जोरात नाही. कपाटाचा कोपरा लागला कपाळाला. मुद्दाम नाही! हळद भरली तिची तिनेच.

रविवार, १६

फायनल झाली असेल. आमच्याशिवाय.

सोमवार, १७

उठलो तर प्रतिभा घरात नाही. इगतपुरीला भावाकडे गेली असेल म्हटलं. दुपारी फोन आला, पोलीस ठाण्यातून. विचारलं, "पोरीने तक्रार केली का?"

"नाही हो काका. तुमच्या मिसेस बसल्यात इथं. तुम्ही या सावकाश, घाई नाही. सकाळपासून लिहून घेतोय त्यांचं, लग्नापासूनचं सगळं, आत्ता कुठं दोन हजार सातपर्यंत आलोय."