डावीकडचे दोन

आप्पा, तुमचं गेमचं मशीन भंगारात गेलेलं नाही. ते मांडवगणला मामांच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली आणि इतका काळ मी धरून चालले होते की दौंडचं दुकान रिकामं करताना तुम्ही ते मोडीत काढलं. मागच्या आठवड्यात मामांचा फोन आला. "दाजींचं ते गेमचं कपाट इथं पडलंय. शेड पाडायचीय मला. नेत असशील तर ने, न्हाईतर खुराड्याला फळ्या झकास हायत त्याच्या." कॉलेजच्या ग्रंथालयातून मी अर्धी रजा टाकली आणि शिरूरहून दुपारच्या एसटीनं गेले. मशीन आणायला गेले होते, असं घरी सांगितलं. खरं तर ते बघावं की बघू नये, हे शेडच्या दारात पोहोचेपर्यंत माझं ठरलं नव्हतं.

तुम्हाला आठवण करून द्यायची गरज नाही, तरी लिहिते, कारण मला ते क्रमानं मांडायचं आहे. स्टेशनच्या गल्लीत आपलं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. पुण्याच्या जुन्या बाजारातून तुम्ही गेमचा एक बोर्ड आणला होता, ज्यावर कुठल्याच कंपनीचं नाव नव्हतं. सुताराकडून उभं कपाट करून घेतलंत, त्यात एका मोडक्या टीव्हीची पिक्चर ट्यूब कुशीवर वळवून बसवलीत, आणि दांड्याला वरचा गोळा म्हणून जीपच्या गिअरची मूठ लावलीत. निळा रंग कधीच नीट आला नाही. आपलं आकाश कायम थोडं हिरवट असायचं. वर किड्यांच्या रांगा, खाली एक छोटं पांढरं विमान. किडे रांगेत डावीउजवीकडे झुलायचे, मग एकेक जण सुटून गिरक्या घेत, गोळ्या टाकत खाली यायचा. गाडी बदलायला थांबलेले लोक, कॉलेजची पोरं, आणि ड्युटी सुटलेले ते रेल्वेचे गार्डमामा, असे सगळे खेळायचे. दुपारी एक ते चार तुम्ही शटर अर्धं खाली ओढून वामकुक्षी घ्यायचात, तेव्हा मशीन माझं. दहावीची परीक्षा झाली होती, निकालाला वेळ होता.

ते मला सापडलं तो निव्वळ योगायोग होता. पहिल्याच फेरीत सगळे किडे मारून झाले होते, सगळ्यात खालच्या रांगेतले डावीकडचे दोन तेवढे उरले होते. आईनं दुकानाच्या मागच्या दारात येऊन काहीतरी विचारलं. मी दांडा हलवत, गोळ्या चुकवत तिच्याशी बोलत राहिले, त्या दोघांना मारायचं राहून गेलं. पुढे मुद्दामच मारलं नाही. कंटाळ्याचा खेळ म्हणून. पंधरा मिनिटं झाली असतील. ते दोघे खाली येत होते, जात होते, पुन्हा वरून आपापल्या जागी येऊन झुलत होते. आणि मग त्यांच्या गोळ्या थांबल्या. मी त्यांना मारलं, पुढची फेरी आली, पूर्ण भरलेल्या रांगा आल्या, तरी एकही किडा गोळी टाकेना. तसेच गिरक्या घेत यायचे, माझ्या विमानाच्या अगदी कडेनं जायचे, खालून नाहीसे व्हायचे, वरून परत. आवाज फक्त त्यांच्या येण्याचा, पंख्याला कागद घासावा तसा. मला तेव्हा वाटलं होतं की हे आता मारायला येत नाहीत, बघायला येतात. अर्ध्या शटरखालून उन्हाचा पट्टा आत आलेला, तुम्ही काउंटरमागे चटईवर झोपलेले, आणि ते सगळे एकामागून एक येऊन मला बघून जातात. तरी मी थांबले नाही.

हे मशीन बंद करून परत लावेपर्यंत तसंच राहायचं. चार वाजता तुम्ही शटर वर केलंत, गार्डमामा आले, त्यांनी दांडा धरला आणि पाच मिनिटांत ओरडले, "अहो मिस्त्री, तुमच्या राक्षसांनी संप केलाय काय?" तुम्ही उठून आलात, बघत उभे राहिलात. मग बटण बंद केलंत, दहा मिनिटं थांबून चालू केलंत. गोळ्या चालू. तुमचा चेहरा एकदम मोकळा झाला, मला अजून दिसतो आहे. "तापल्यावर व्हतंय," तुम्ही म्हणालात. "गार झालं की बरं. कुठंतरी ड्राय सोल्डर हाय, जोड सुटलाय."

तुमच्या जागी कुणीही टीव्ही मेकॅनिक असता तरी हेच म्हणाला असता. गार असताना चांगलं, वीस मिनिटांनी बिघडतं, बंद करून ठेवलं की पुन्हा चांगलं: ही उष्णतेचीच लक्षणं. आयुष्यभर तुम्ही असेच दोष पकडले होते. टीव्हीच्या पोटात पेचकसाच्या मुठीनं टकटक करत जायचं आणि ज्या टकटकीला चित्र हललं तिथं सोल्डर मारायचं. तुम्हाला कसं सुचावं, की दोष तापण्यात नाही, दुपारभर समोर बसलेल्या तुमच्या मुलीत आहे? मधे गावाला गेले ते दिवस सोडले, तर मी रोज तेच करायचे. डावीकडचे दोन ठेवायचे. मग ते शांत होत. मग तुम्ही उठायचात आणि बोर्ड बाहेर काढायचात. परत जोडला की तपासणीला खेळायला मलाच बसवायचात आणि घड्याळ बघत मिनिटं मोजायचात.

तीन आठवडे चाललं ते. तुम्ही बोर्डाच्या प्रत्येक आयसीचा प्रत्येक पाय पुन्हा सोल्डर केलात. पंखा लावून पाहिलात, गार करायला स्पिरिटचा कापूस एकेका आयसीवर ठेवून पाहिलात. एकदा बोर्ड घरी आणून स्वयंपाकघरात बिस्किटाच्या डब्यात ठेवलात आणि वर शंभरचा बल्ब सोडलात, तापवून दोष बाहेर काढायला. आई भाकरी थापत होती. "आज डब्यातलं शिजलं की तेच वाढते तुमाला," ती म्हणाली. तुम्ही हसला नाहीत. बल्बच्या उजेडात वाकून बघत होतात, आणि पहिल्यांदाच मला दिसलं की तुमच्या हातातली सोल्डरची तार किंचित थरथरते आहे. आईलाही दिसलं. तिनं परातीतलं पीठ गोळा केलं आणि नुसतं म्हणाली, "जेवून घ्या आदी."

मी का सांगितलं नाही, याचा विचार मी पुष्कळ केला आहे, आणि दर वेळी स्वतःला थोडं सोपं उत्तर देते. पहिल्या दिवशी भीती वाटली, हे खरं आहे. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता सांगितलं तर विचारतील की काल का नाही. आठवड्यानंतर मात्र भीती नव्हती. तेव्हा दौंडात माझ्या एकटीच्या मालकीचं असं काही होतं, तर ते एवढंच. त्या वर्षीची डायरी माझ्याकडे आहे. बल्बच्या दिवसाच्या पानावर मी लिहिलं आहे: "आप्पा अजून शोधतायत." पुढे उद्गारचिन्ह आहे. ते उद्गारचिन्ह काढून टाकावं असं अनेकदा मनात आलं. काढलं नाही, कारण मग खोटी डायरी राहील.

निकाल लागला, मी चांगल्या मार्कांनी पास झाले, तुम्ही पेढे वाटलेत. त्याच आठवड्यात तुम्ही दुकान बंद करायचं ठरवलंत. गार्डमामांनी विचारलं, "मिस्त्री, येवढं सुरळीत चाललेलं बंद का करताय?" तुम्ही म्हणालात, "हातावर भरवसा ऱ्हायला न्हाई, गार्डसाहेब. दुसऱ्याची वस्तू हातात घिऊ ने आता." साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तुम्ही लागलात. घरचा रेडिओ बंद पडला तेव्हा तुम्ही त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, "दे कुनाकडं तरी," म्हणालात. त्या काळात छोटी दुरुस्तीची दुकानं मिटतच होती, लोक नवे टीव्ही घेत होते, हे मी स्वतःला सांगत आले. ते खोटं नाही. पण तुम्ही जे कारण दिलंत ते हे नव्हतं, आणि ज्या कारणानं तुमचा हात तुम्हाला परका झाला ते मला ठाऊक होतं. तुम्ही गेलात तेव्हाही मी तेच घेऊन बसले होते: एका चांगल्या कारागिराला मी पटवून दिलं की तो कामातून गेला, आणि त्याला खरं न कळताच तो गेला.

आता शेडचं सांगते. मामांनी वरची पोती बाजूला केली. कपाटावर कोंबड्यांची विष्ठा वाळलेली, जीपची मूठ मात्र तशीच. मी ओढणीनं काच पुसली. बाहेर लख्ख ऊन होतं, दारातून ते तिरपं काचेवर पडत होतं. बंद, राखाडी काच. तिच्या डाव्या अंगाला, जिथं खालची रांग झुलायची त्या उंचीवर, मला दोन डाग दिसले. किंचित आडवे ओढल्यासारखे, शेजारी शेजारी. मी पुन्हा पुसलं. डाग काचेच्या आतल्या अंगाला होते. मामा म्हणाले, "पाण्याचं आसल." पण एकच चित्र खूप वेळ राहिलं तर ट्यूब आतून भाजते, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. आणि तुम्ही हेही शिकवलं होतं की त्याला महिनोन् महिने लागतात. माझ्या त्या तीन आठवड्यांच्या दुपारी त्याला पुरणार नाहीत. मी तिथं उभी राहून हिशेब लावत होते. मी खेळणं सोडलं त्यानंतर त्या दोघांना तिथं कुणीतरी ठेवलं होतं. कितीतरी दिवस.

मामांना विचारलं, हे इथं कधी आलं? "कारखान्यात लागल्यावर दुसऱ्या सालाला. तवर दुकानातच व्हतं की. दाजी जायाचे सुट्टीच्या दिवशी, शटर पाडून बसायचे. आक्का म्हनायची, साफसफाई करत्यात."

मी मागची फळी उघडली. आत बोर्ड नव्हता, नुसत्या वायरी लोंबत होत्या. फळीच्या आतल्या बाजूला तुमचं पेन्सिलचं अक्षर होतं. ओळीखाली ओळ. "२१ मि. गोळ्या बंद." "पंखा लावून २४." "सर्व जॉइंट परत मारले. १९." "ट्रान्सफॉर्मर बदलला. २२." अशा कितीतरी. मग: "पोरगी गावाला. दिवसभर चालू ठेवले. गोळ्या बंद नाहीत." त्याखाली: "पोरगी डावीकडचे दोन ठेवते." त्याखाली: "मी ठेवले. १६ मि. बंद." आणि शेवटी, जरा मोठ्या अक्षरात: "बोर्ड चांगला आहे." पुढे कंसात, "उद्या निकाल."

मामा बाहेरून ओरडले, "सापडलं का काय?" मी म्हटलं, "न्हाई, काय न्हाई." माझ्या तोंडून हे किती सहज निघालं!

म्हणजे पेढे वाटताना तुम्हाला ठाऊक होतं. गार्डमामांना हाताचं कारण सांगितलंत तेव्हाही. मी चार दिवस हे उलटसुलट करून पाहते आहे. कधी वाटतं, तुम्ही खोटं बोललात, मला झाकायला. कधी वाटतं, ते खरंच होतं: चांगल्या बोर्डाला तीन आठवडे आजारी समजून डागण्या दिल्या, तेव्हा आता आपलं बघणंच चुकतंय असं तुम्हाला वाटलं असेल. आणि त्या शटर पाडलेल्या सुट्ट्या? त्या दोघांना डावीकडे ठेवून, गोळी न मारणाऱ्या त्या रांगांसमोर तुम्ही एकटे बसून काय बघत होतात? माझ्यात काय होतं ते बघत होतात का? ज्या अपराधाची मला सवय झाली होती तो तर आता हातातून गेला. तुम्हाला न कळता तुम्ही गेलात, हे मी सोसत आले होते. तुम्ही कळूनही गप्प राहिलात, हे कसं धरावं ते मला समजत नाही.

ही पानं डायरीतच राहतील. मशीन मी आणलं नाही. फळी तेवढी काढून घेतली, बाकीचं मामांना दिलं. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहते. मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला होते, गळीत हंगामात तुमचा डबा घेऊन वजनकाट्यावर आले होते. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. तुम्ही चिठ्ठी लिहिता लिहिता, मान वर न करता विचारलंत, "तुला काय सांगायचंय का मला?" मी म्हटलं, "कशाबद्दल?" बाहेरचा ड्रायव्हर हॉर्न देत होता. "न्हाई, सहज," म्हणालात आणि चिठ्ठी फाडून खिडकीतून बाहेर दिलीत. मी आजवर स्वतःला सांगत आले, डायरीतही तसंच लिहिलं आहे, की तुम्ही परीक्षेबद्दल विचारत असाल.

मला तेव्हाच कळलं होतं, आप्पा, तुम्ही काय विचारताय ते.