देवराईचा कोळसा

२४ ऑगस्ट, रविवार
स्वेच्छानिवृत्ती घेऊन तीन महिने झाले. चित्र एकही नाही. बत्तीस वर्षं शाळेत पोरांना दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी शिकवली. आता कागदासमोर बसले की हात तेच काढतो. आज नदीत होडीपण काढली, कपाळ माझं! फाडून टाकलं. श. म्हणतो, "होडी चांगली होती." नवरा आहे म्हणून माफ.
दुपारी मेधाचा पुण्याहून फोन. दिवाळीनंतर तिच्या गॅलरीत प्रदर्शन, विषय जंगल आणि प्राणी. आठ जण, त्यात मी! कॉलेजात माझ्या शेजारी बसायची म्हणून विचारलं, दुसरं काय. नगरला कुठलं आलंय जंगल, बाभळी बघून काय काढू? "हो" म्हणून बसले मात्र.

३१ ऑगस्ट, रविवार. अकोले
पहाटे निघालो. श. बरोबर, नवरा म्हणून कमी, ड्रायव्हर म्हणून जास्त. नागापूरला त्याच्या कंपनीत एकजण इकडचा आहे, त्याच्या वडिलांकडे उतरलोय. धोंडूबाबा. ऐंशीच्या पुढचे, चालतात माझ्या दुप्पट. गावची देवराई तेच बघतात.
आत जायच्या आधी त्यांनी वहाणा काढल्या. मीपण काढल्या. आणि मग
काय लिहू. भर दुपारी उजेड हिरवा. गारंबीचा वेल माझ्या कमरेएवढा जाड, एका झाडावरून उतरतो, जमिनीवर लोळतो, दुसऱ्यावर चढतो. सुरुवात शोधायला गेले, सापडली नाही. एक आंबा आडवा पडलेला, कधीचा कोण जाणे. त्याच्या अंगावर शेवाळ, नेचे, आणि पोटातून हिरड्याचं झाड वर आलेलं. माझी बडबड आपोआप बंद झाली. श. चक्क कुजबुजत बोलायला लागला.
मधोमध वाघदेव. गुडघ्याएवढा दगड, शेंदराचे थर इतके की वाघ हाताला लागतो, डोळ्यांना दिसत नाही. एका अंगाला सूर्य, दुसऱ्या अंगाला चंद्र. बाबांना विचारलं, खरा वाघ पाहिलाय का?
"आमच्या आज्यानं पाह्यला. म्या बिबट्या पाह्यला. आता वाघ न्हाई, पर ह्यो हाय की."
वर शेकरू पळालं. तांबूस, शेपूट हातभर लांब. फांदी हलली, पाणी डोक्यावर पडलं आणि मला रडूच आलं. कशाचं, माहीत नाही. बाई, वय झालं तुझं.

१ सप्टेंबर, सोमवार. अकोले
सकाळी एकटी गेले. बाबांनी एवढंच सांगितलं, "आत कोयता-कुऱ्हाड न्हाई." पेन्सिलने काही उतरेना. इतक्या जुन्या काळोखापुढे पेन्सिल म्हणजे शाळेतला गृहपाठ. पायाखाली मोडक्या काटक्या होत्या, वाळलेल्या, बोटाएवढ्या. मूठभर पिशवीत टाकल्या. कोळसा करायला.
पडलेल्याच तर होत्या. विचारायचं सुचलं नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं. पिशवीची चेन लावताना मी मागे वळून बघितलं होतं.

६ सप्टेंबर, शनिवार
गच्चीत कोळसा केला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकणाला भोक, भोवती विस्तव. भोकातला धूर थांबला की झाला. शेजारच्या बाईंना वाटलं मी काहीतरी शांत करतेय. सांगितलं, हो, स्वतःलाच!
काय कोळसा आहे! लोण्यासारखा ओढला जातो. दाबला की गडद काळा, पुसला की निळसर. दुकानात असला मिळत नाही.

१० सप्टेंबर, बुधवार
हॉलच्या भिंतीला सहा फूट कागद लावला. सोफा बाहेर, टीव्ही झाकलेला. श. स्वयंपाकघरात जेवतो, कुरकुर नाही. फक्त म्हणाला, "होडी असेल ना?" मेला.
आज नुसता काळोख काढला. प्राणी नाही. प्राणी यायचा असेल तर येईल.

१४ सप्टेंबर, रविवार
आला.
मी नाही काढला. म्हणजे हात माझाच, पण ठरवलेलं काहीच नव्हतं. वाघ आहे, कागदभर. पट्टे म्हणजे झाडांची खोडं. पाठीवर अख्खी राई उगवलेली, शेपूट गारंबीचा वेल, कुठे संपतं ते कागदाच्या बाहेर. खांद्यात शेकरू झोपलंय. पोटाखाली तो आडवा आंबा. एका डोळ्यात सूर्य, दुसऱ्यात चंद्र. दोन तास समोर खुर्ची टाकून बसले. मला त्याची भीती वाटते आणि उठवतही नाही.
श. आला, चहाचा कप हातात. बघितलं. चप्पल काढली, घरातली.
चित्रावर फवारा मारणार नाही. पावडर पक्की बसते पण काळा मरतो. नुसता हात लागला तरी पुसेल, सांभाळू.

१७ सप्टेंबर, बुधवार
मेधाला फोटो पाठवला. पंधरा मिनिटं गेली. मग फोन.
"हे तू काढलंस?"
"का, विश्वास बसत नाही?"
"नाही बसत."
आमंत्रणपत्रिकेवर हेच छापणार म्हणाली. काचेत बसवणार. टेम्पो १८ ऑक्टोबरला घरी येईल. चौपन्न वर्षांची घोडी मी, गच्चीत जाऊन नाचले. आयुष्यात एक चित्र झालं. एक!

२८ सप्टेंबर, रविवार. अकोले
पेढे घेऊन गेलो. धोंडूबाबांना मोबाईलवर चित्र दाखवलं. त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला, कपाळाला लावला. मला आभाळ ठेंगणं. आणि मी शहाणी, फुशारकीने सांगते काय, "बाबा, हा तुमच्या देवराईतलाच कोळसा आहे बरं का!"
त्यांनी पेढा ताटलीत परत ठेवला.
"कुटून आनला?"
सांगितलं. खाली पडलेल्या काटक्या.
"बाई, पडल्यालं बी त्याचंच."
मी खूप बोलले. मूठभर होत्या, वाळलेल्या होत्या, कुजूनच गेल्या असत्या. नारळ फोडते, पूजा घालते. बाबा हसले, "नारळ काय, आमीच खानार." मग सांगितलं. ते लहान असताना वावटळीत घराचं छप्पर गेलं. त्याच वावटळीत राईतला तो आंबा पडला. घरापासून हाकेच्या अंतरावर. नवी तुळई त्याच्यातून सहज निघाली असती. "अख्खा पावसाळा आमी पळसाच्या पानांखाली काढला. धाकली भन तापानं गेली. पर बा नं त्या आंब्याला हात लावला न्हाई."
मी त्या आंब्यावर हात ठेवून उभी राहिले होते. चित्रात काढलाय मी तो.
"मग मी काय करू?"
"वाघबारशीला पूजा आस्ती. भाईर गेल्यालं त्याच्या आदी आत यावं. न्हाई आनलं तर देव काय पाठी लागत न्हाई. तुमचं तुमी बघा."
रागावले असते तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं.

२९ सप्टेंबर, सोमवार
वाघबारस म्हणजे आपली वसुबारस, १७ ऑक्टोबर. टेम्पो १८ ला. वा!
आत यावं म्हणजे राईत ठेवायचं. उघड्यावर, दगडाशेजारी. दव, वाळवी, पाऊस. चार दिवसांत कोरा कागद.
उरलेला कोळसा डब्यात घालून ठेवला. तो देणारच. चित्रातल्याचाच प्रश्न आहे.

४ ऑक्टोबर, शनिवार
सोमवारीच दुकानातला कोळसा आणला होता. तेच चित्र दुसऱ्यांदा काढायचं, एक देवाला, एक पुण्याला. कोणतं कुणाला, ते नंतर बघू असं मनात. लबाड बाई.
पाच दिवस काढलं. झाली म्हैस. पट्टेवाली.
श. ला विचारलं, तू माझ्या जागी असतास तर? "मी पत्रा कापणारा माणूस. चुकीचा कापला तर जोडता येतो. तुझं तसं नाही." हे उत्तर झालं? पण खरं तेच आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार
मेधाला सगळं सांगितलं. आधी हसली, मग चिडली. पत्रिका छापून झाल्यात. "अगं, हजार लोक बघतील. तिथे कोण बघणार?"
मला पटलं. मनापासून पटलं. तरी फोन ठेवल्यावर वहीत बघते तर कोपऱ्यात पळसाची पानं काढलेली, बोलता बोलता.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वाघबारस. अकोले
आणलं. न्यायचं, दाखवायचं, पुढचं तिथे ठरवू, असं श. ला म्हटलं. त्याने प्लायवूडला चित्र बसवून गाडीच्या टपावर बांधलं, वर प्लास्टिकचा कागद, कडेच्या पट्ट्यांवर ताणून, चित्राला टेकणार नाही असा.
गाव जमलेलं. प्लास्टिक काढलं आणि ढोल वाजवणारे थांबले. खरंच थांबले. एक आजी पुढे आली, पदर डोक्यावर घेतला, बघत राहिली. म्हणाली, "आमच्या चुलत्यानं असाच सांगितल्याला." मग वाकली. चित्राला नाही, त्याला. मी बाजूला सरकले, मधे उभं राहणं बरं वाटेना.
मीच उचललं, मीच आत नेलं, दगडाशेजारी टेकवून ठेवलं. उरलेला कोळसा त्या आंब्याखाली. हिरव्या उजेडात कागदावरचा काळोख आणि झाडांमधला काळोख वेगळा करता येईना. वाघ तिथलाच वाटला. इतका वेळ माझ्या हॉलमध्ये कसा राहिला देव जाणे.
असलं काही मला पुन्हा बघायला मिळणार नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार. अकोले
सकाळी जाऊन बघून आले. दवाने एक कोपरा ओघळलाय, शेपटीकडचा. बाकी आहे. वाघ अजून आहे.
मेधाचा मेसेज: टेम्पो पुण्याहून निघतोय, शेवटचं सांग. नगरला नको, इकडेच पाठवते म्हणतेय. दुपारपर्यंत पोचेल.
बाबांना विचारलं, एकदा आत आलं, हिशेब मिटला ना? आता नेलं तर? ते अंगणात नाचणी पाखडत होते. "पयल्यांदा तुमाला ठाव नव्हतं," एवढंच म्हणाले, आणि पाखडत राहिले.
डोंगरावर ढग उतरलेत. परतीचा पाऊस, तासाभरात येईल असं सगळे म्हणतात. मला ते चित्र हवंय. आणि ते तिथे बसलेलं मी पाहिलंय.
श. दारात उभा आहे. हातात प्लास्टिकचा कागद, घडी घातलेला. "राईकडे निघतेयस ना? चित्र परत आणायचं तर हा लागेल. घेऊ का नको? लवकर सांग."
थेंब पडायला लागले. मी वहाणा शोधतेय.