कविता डी ड्राइव्हमध्ये आहेत

१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार
जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजशेजारी लिनक्स बसवलं. स्वतः! लेकीला विचारलंसुद्धा नाही. यापुढे विंडोजचं तोंड पाहायचं नाही, हे सगळ्यांना कळवून टाकलं.
रविवारी आमच्या मॅट्रिकच्या वर्गाचा मेळावा. शाळेत शिकलेल्या सगळ्या कवितांची पुस्तिका मी देणार. दोन वर्षांची मेहनत. वर्गमित्र हिंमतरावाने छापखाना सांगून ठेवलाय.

१८ नोव्हेंबर, सकाळ
फाइल मॅनेजर उघडला. सी नाही, डी नाही. डावीकडे होम, डाउनलोड्स आणि कचऱ्याचा डबा. कविता डीमध्ये!
घाबरलो नाही. तीनदा चहा झाला. शालिनी म्हणाली, अहो, मांजरीसारखं काय आत-बाहेर चाललंय? म्हटलं, नव्या घरात सामान लागायला वेळ लागतो.

१९ नोव्हेंबर
टर्मिनल नावाची काळी पाटी उघडली. आदेश टाइप केला. कीबोर्ड मराठीतच राहिला होता; पाटीला काही कळेना. बडोद्यात राहून मराठी येत नाही म्हणजे काय!
मग 'अदर लोकेशन्स'मध्ये डी सापडला. क्लिक केलं. उत्तर आलं: विंडोज हायबरनेट केलेलं आहे, उघडणार नाही. म्हणजे प्रगती आहे.
सहावीतली नदीची कविता आठवली. मास्तर डस्टरने टेबलावर ताल धरायचे, खडूची धूळ उन्हात तरंगायची... दुपार गेली.

२० नोव्हेंबर
लेकीला, प्राचीला, बाजव्याच्या घरी फोन. केवळ माहिती द्यायला. म्हणाली, बाबा, तुम्ही विंडोज कधी शटडाउन केलंच नाहीये ना? म्हटलं, कशाला? झोपवून ठेवलं की कविता सोडली त्याच ओळीवर सापडते. पुस्तकात मोरपीस ठेवावं तसं. म्हणाली, ते अर्धवट झोपलंय आणि ड्राइव्ह उशाखाली घेऊन बसलंय. विंडोजमध्ये जा, पूर्ण बंद करा.
परत विंडोजमध्ये? तत्त्वाचा प्रश्न आहे.

२१ नोव्हेंबर
हिंमतराव: अरे, छापखानावाळा रोज विचारतोय, मॅटर क्यारे, केव्हा देणार? पछी मग मला बोलू नकोस! म्हटलं, उद्या. मॅटर सुरक्षित आहे, फक्त दिसत नाही. शालिनी हसली. तिला तांत्रिक भाषा कळत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार, सकाळ
तत्त्व जरा बाजूला ठेवलं. विंडोजमध्ये गेलो. नदीची कविता खरंच सोडली त्याच ओळीवर! सेव्ह, शटडाउन. लिनक्समध्ये डी हजर. जिंकलो!
'कविता' फोल्डर उघडलं. आत: प्रस्तावना. प्रस्तावना नवी. प्रस्तावना अंतिम. अर्पणपत्रिका. मुखपृष्ठ. कविता एकच, नदीची, तीही दुसऱ्या कडव्यात अडलेली.
बाकीच्या लिनक्सने खाल्ल्या. शालिनीला तसं सांगितलं. ती म्हणाली, अहो, दोन वर्षं तुम्ही मुखपृष्ठावरची वेल इकडून तिकडे सरकवत होतात. कविता टाइप केल्यात कधी?

संध्याकाळ
हिंमतरावाला कळवलं, तांत्रिक बिघाड. निदान प्रस्तावना वाचतो म्हटलं. तो म्हणाला, रहेवा दे, अंताक्षरी ठेवू. तू चहाचे कागदी कप घेऊन ये.
निजामपुऱ्यातलं दुकान आठला बंद होतं. निघतो.