वाटीवरचं झाकण

प्रिय मोरिओ,

तुझी चिठ्ठी पोचली. चिठ्ठी कसली, सिगारेटच्या पाकिटामागं खरडलेल्या चार ओळी. ‘ताई, या नववर्षालाही घरी येत नाही. पुन्हा युद्धावर जाणार नाही असा शब्द दिला होता, तो मोडून आईपुढे कोणत्या तोंडानं उभा राहू?’ अरे बाबा, जे आहे त्याच तोंडानं. दुसरं कुठून आणणार आहेस? पण आज तुझ्यावर चिडायचं नाही असं मी ठरवलंय. सांगण्यासारखं बरंच साठलंय आणि कढई तापायला अजून वेळ आहे.

आधी घरची खबर. गुडघे सोडले तर आई ठणठणीत आहे. मासे काट्यांसकट वाटायचं काम ती अजून माझ्यावर सोपवत नाही. मी वाटलं की वड्या दाताखाली कचकचतात म्हणे. दुकानात वड्यांना गिऱ्हाईक आहे, पण तळणीचं तेल भडकलंय. आणि तेलाचं राहू दे, सध्या गावात टॉयलेट पेपरवरून रणकंदन चाललंय. कुणीतरी आवई उठवली की कागद मिळेनासा होणार, झालं, दुकान उघडायच्या आत बायका रांगेत. परवा आईसुद्धा कोपरं मारत आत घुसली आणि दोन गठ्ठे छातीशी धरून विजयी मुद्रेनं परतली. तू इथे असतास तर लढाईचे फोटो काढायला कंबोडिया गाठावा लागला नसता.

त्यावरून तुझा छापून आलेला पहिला फोटो आठवला. मात्सुयामाच्या पेपरात नवा नवा लागला होतास आणि संपादकांनी तुला आपल्याच उवाजिमात बैलांच्या झुंजीला पाठवलं होतं. जिंकलेल्या बैलाच्या पाठीवर झूल, ढोल वाजतायत, अख्खं मैदान त्याच्याभोवती; आणि तू घेऊन आलास हरलेल्या बैलाचा फोटो. मालक त्याच्या तोंडाशी गवत धरून उभा आणि बैल मान फिरवतोय. संपादकांनी तुला फैलावर घेतलं, पण जागा भरायला दुसरं काही नव्हतं म्हणून छापला. आई तो बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, जिंकलेल्याकडे सगळेच बघतात. हा पोरगा लग्नसमारंभांचे फोटो काढून सुखानं जगणार नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तसं ते त्याच्याही आधी ठरलं असावं. बाबा ब्रह्मदेशच्या लढाईवर गेले तेव्हा तू इतका लहान होतास की तुला ते आठवतच नाहीत. तुला आठवते ती पेटी, पांढऱ्या कापडात गुंडाळलेली, उचलली की आत खडखडणारी. अस्थींच्या जागी एक दगड होता. बाबा पडले तेव्हा तिथे बघायला कुणी नव्हतं का, असं तू आईला विचारलंस. पुढे लढाईचे फोटो काढायला सायगावच्या बोटीत चढताना मी तुला विचारलं, कशाला मरायला जातोस, तर हसून म्हणालास, बघायला कुणीतरी नको का. तेव्हा मला तुझा भयंकर राग आला होता. आता येत नाही. निदान रोज येत नाही.

तू गेलास आणि आईनं तुझं ताट वाढायला सुरुवात केली. दूर गेलेल्याचं ताट घरात वाढलं की तो तिकडे उपाशी राहत नाही, ही तिच्या आईची शिकवण. भात, वडी, लोणचं आणि झाकणाच्या लाकडी वाटीत मिसोचं गरम सार. थोड्या वेळानं झाकण उचलायचं. आतून थेंब जमले असले की माणूस सुखरूप. मग ते ताट मी संपवायचं. माझं वजन वाढलं त्याला सर्वस्वी तुझं सायगाव जबाबदार आहे. ताटामागे ठेवायला तुझा फोटो हवा होता, तर जगाचे फोटो काढत हिंडणाऱ्याचा घरात एकच निघाला, शाळेतला, बेसबॉलच्या टोपीतला. शिगेमात्सु पोस्टमनची फजिती तुला लिहिली होती ना? बिचारा पाणी प्यायला आत आला, तुझा फोटो पाहिला, पुढ्यात वाढलेलं ताट पाहिलं, आणि गुडघे टेकून रडायलाच लागला. उदबत्ती कुठे आहे म्हणून विचारत होता. आईनं त्याला बूट घालायलाही वेळ दिला नाही. अजून तो आपली पत्रं लांबूनच देतो.

मग मासिकांत तुझे फोटो येऊ लागले, टोकियोत बक्षीस मिळालं, गावच्या शाळेनं तुझं नाव फळ्यावर लिहिलं. लोक आईला विचारायचे, बघवतं कसं तुम्हाला. ती बघायची, चांगलं भिंग घेऊन बघायची, पण तिची नजर असायची फोटोच्या खालच्या कडेला. तिथली माती, गवत, कुणाची तरी पडलेली चप्पल केवढी दिसते त्यावरून ती हिशेब करायची, आपला मुलगा कुठे उभा होता. ‘फार जवळ गेला होता,’ एवढंच म्हणायची आणि भिंग पुसून ठेवायची.

तुझ्या खांद्यात तो लोखंडाचा तुकडा घुसला तेव्हा हॉस्पिटलात ती तुझ्या उशाशी बसून संत्री सोलत राहिली. तू खात नव्हतास तरी सोलत राहिली. शेवटी म्हणाली, आता पुरे. तू हो म्हणालास. किमोनोंच्या कॅटलॉगचं काम धरलंस आणि तिनं ताट वाढणं थांबवलं. टोकियोतल्या माणसाला ते कशाला? तू मात्र वर्षभरही टिकला नाहीस. कंबोडियाला गेल्याचं फक्त मला ठाऊक, आणि तुझ्या त्या मित्राला, कुरिमोतोला, जो तू लिहून ठेवलेली कार्डं टोकियोहून महिन्याच्या महिन्याला पेटीत टाकतो. ‘मजेत आहे, नीट जेवतो.’ आई वाचायची आणि ठेवून द्यायची.

तेव्हापासून तुझं ताट मी वाढते, मागच्या कोठीत, तेलाच्या डब्यांआड. ताट कसलं, बशीत थोडा भात आणि एक वडी. आईची नजर चुकवून साराची वाटी कुठून आणणार?

गेल्या आठवड्यात आई केस कापायला गेली आणि तिथलं साप्ताहिक मागून घरी घेऊन आली. त्यात कंबोडियातल्या गावाचा एक फोटो होता. माणसं पळून गेलेलं घर, चूल अजून धुमसतेय, भाताच्या भांड्याचं झाकण अर्धं सरकलेलं, आणि फोटो काढणारा जवळजवळ त्या भांड्यात डोकावलेला. खाली नाव नव्हतं, नुसतं एजन्सीचं. लहानपणी कढईत डोकावून भुवया जाळून घेतल्या होत्यास, तो तू. आईनं या वेळी भिंगसुद्धा काढलं नाही. साप्ताहिक माझ्यापुढे ठेवून म्हणाली, ‘चाललेल्या लढाईत दुसऱ्याच्या भांड्यात काय शिजलंय ते बघणारा माणूस जगात एकच आहे.’ कार्डांवर तिचा विश्वास पहिल्यापासूनच नव्हता म्हणे. नीट जेवतो लिहितो आणि काय जेवला ते लिहीत नाही, तो माझा मुलगा कसा?

दुसऱ्या दिवशी सकाळी कोठीत गेले तर तुझ्या बशीशेजारी ती लाकडी वाटी, झाकणासकट, आणि तुझा टोपीवाला फोटो. आई दारात उभी.

‘सार कधी ठेवलं नाहीस,’ ती म्हणाली. ‘झाकणाशिवाय आपल्याला कळणार कसं?’

मला रडू आवरेना, आणि रडता रडता मी मूर्खासारखी बोलून गेले की आई, गरम सारावर झाकण ठेवलं की थेंब येणारच.

‘ठाऊक आहे मला. तुझ्या बाबांच्या वेळी ताटात वाढायला घरात रताळंच होतं, तेही गार. त्याच्यावर कसलं झाकण? म्हणून याचं सार मी कढत ठेवते.’

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. तुझी चिठ्ठी मी आईला वाचून दाखवली आणि हे पत्र तिनंच लिहायला लावलंय. आत्ता समोर बसून मासे वाटतेय आणि मी काय लिहिते ते तिरप्या नजरेनं बघतेय. ती तुझ्यावर रागावली आहे, चांगलीच रागावली आहे, पण तो राग तिला तुला जेवायला बसवून काढायचा आहे. तिचा निरोप तिच्याच शब्दांत देते: ‘शब्द मोडायचाच होता तर घरी येऊन माझ्यासमोर मोड म्हणावं. मग जायचं तर जा. मी ताट वाढीन.’ तेव्हा कुरिमोतोला उरलेली कार्डं चुलीत घालायला सांग आणि नववर्षाला ये. येण्याआधी कुणाच्या तरी हातात तो कॅमेरा देऊन स्वतःचा एक फोटो काढून घे. टोपीतला तो पोरगा आता तुझा मुलगा शोभेल. आणि ये, मोरिओ. इतकी वर्षं तुझ्या वाटणीचं जेवून मी थकले रे. या खेपेला झाकण तू उचल, आणि तुझं ताट तूच जेव.

तुझीच,
तामिए ताई